नाव पुसले, तरी माणूस उरतोच

ऑगस्ट २००६च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील एओएल या इंटरनेट कंपनीच्या संशोधन विभागाने एक मोठा माहितीसाठा सर्वांसाठी खुला केला. कंपनीच्या सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी त्या वर्षीच्या मार्च ते मे या तीन महिन्यांत सर्चच्या चौकटीत जे जे टंकले, त्या सुमारे २ कोटी शोधांची ती नोंद होती. हेतू वाईट नव्हता. लोक काय शोधतात, कसे शोधतात, याचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांना अशी अस्सल सामग्री सहसा मिळत नाही. ती मिळावी एवढीच इच्छा होती. ग्राहकांची नावे काढून प्रत्येकाला एक क्रमांक देण्यात आला होता. नाव नाही, पत्ता नाही, मग कोणाचे काय बिघडणार, असा सरळ हिशेब होता.

तो हिशेब आठवडाभरही टिकला नाही. ९ ऑगस्टला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी त्या लाखो क्रमांकांपैकी एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून काढली. त्यासाठी ना कोणती संगणकीय चोरी करावी लागली, ना कोणाला लाच द्यावी लागली. त्या क्रमांकाखालचे शोध त्यांनी एकापुढे एक मांडून वाचले. एका लहान गावाचे नाव, एकाच आडनावाची अनेक माणसे, काही दुखणी, पाळलेला कुत्रा. एवढ्या खुणा पुरल्या आणि बातमीदार एका वृद्ध विधवेच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या बाईंचे नाव पुढे जगभर छापले गेले. येथे ते पुन्हा देण्याचे काही कारण नाही. आपले मनोगत असे कोणीतरी टिपून ठेवत होते, हेच त्यांना नवीन होते.

एओएलने क्षमा मागितली, साठा काढून घेतला. मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला, दोन कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. पण तोवर त्या साठ्याच्या प्रती जगभरातील संगणकांवर उतरल्या होत्या. छापलेले पुस्तक बाजारातून परत घेता येते, सुटलेली माहिती नाही. त्या साडेसहा लाख लोकांचे ते तीन महिने आता कायमचे उघड्यावर पडले आहेत.

नाव काढले की ओळख पुसली जाते, ही समजूत येथे उघडी पडली. माणूस केवळ नावाने ओळखला जात नाही. त्याचे गाव, नातीगोती, आजार, छंद, चिंता या प्रत्येक गोष्टीत त्याच्यासारखे हजारो असतात. पण या साऱ्या गोष्टी एकत्र असलेला माणूस बहुधा एकच असतो. शिवाय बरेच लोक कधी ना कधी कुतूहलाने स्वतःचेच नाव शोधून पाहतात. म्हणजे कंपनीने पुसलेले नाव ग्राहकाने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून ठेवलेले असते.

ही गोष्ट जाणकारांना त्यापूर्वीच ठाऊक असायला हवी होती. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी २० डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या शहरात सहाच जण होते, त्यांतील पुरुष तीन आणि गव्हर्नरांच्या पिनकोडातला एकच. गव्हर्नरांचे दुखणे हाती लागले. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतील, असा अंदाज स्वीनी यांनी पुढे मांडला.

एओएलच्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी नेटफ्लिक्सने तोच मार्ग धरला. सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले १० कोटींहून अधिक अभिप्रायगुण नावे काढून एका स्पर्धेसाठी खुले करण्यात आले. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी ते गुण दुसऱ्या एका संकेतस्थळावरील उघड अभिप्रायांशी ताडून काही ग्राहकांची ओळख पटवून दाखवली. चित्रपटांची आवडनिवड ही वरवर किती निरुपद्रवी गोष्ट! पण तिच्यातूनही माणसाचे राजकीय मत आणि खासगी आयुष्य डोकावते. खटला उभा राहिल्यावर २०१०मध्ये कंपनीने पुढची स्पर्धा रद्द केली.

यावर नेहमीचा प्रतिप्रश्न येतो. ज्याच्या मनात काळेबेरे नाही, त्याने का घाबरावे? सज्जन कुटुंबात हा प्रश्न विशेष ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. घराला दार असते, ते आत चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. वैद्याला सांगितलेले दुखणे, वकिलाला सांगितलेला भाऊबंदकीचा तंटा, मुलीच्या सासरची काळजी, डोक्यावरचे कर्ज यांत पाप काहीच नाही. तरीही या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात. आज या साऱ्या गोष्टी माणूस आधी सर्च इंजिनला विचारतो. जे पत्नीला सांगितले नाही, तेही तेथे टंकलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शोधांची नोंद खरे तर सांगतेच, पण खोटेही सुचवते. त्या अमेरिकन बाई आपल्या मैत्रिणींच्या आजारांची माहिती त्यांच्यासाठी शोधत असत. नुसती यादी वाचणाऱ्याला मात्र त्या बाईच अनेक व्याधींनी ग्रासलेल्या वाटल्या असत्या. परोपकार नोंदीत दिसत नाही, केवळ शब्द दिसतात. अशी यादी विमा कंपनीच्या, नोकरी देणाऱ्याच्या किंवा स्थळ पाहायला आलेल्यांच्या हाती पडली तर खुलासा करायची संधी कोण देणार? गुन्ह्याविषयी कादंबरी लिहिणारा लेखक आणि गुन्ह्याची तयारी करणारा इसम यांचे शोध सारखेच दिसू शकतात.

हा धडा अमेरिकेपुरता नाही, कारण याच जातीच्या नोंदी आज आपणही रोज मागे ठेवत असतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी या कायद्याची व्याख्या आहे. नाव काढलेली नोंद तीत बसते की नाही, हा वाद मात्र कंपन्यांचे वकील घालणारच. २०१९च्या विधेयकात ओळख पुसलेल्या माहितीवरून संमतीविना व्यक्ती पुन्हा हुडकून काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला होता. ते विधेयक २०२२मध्ये मागे घेतले गेले आणि नव्या कायद्यात ती तरतूद उरली नाही. ती परत यावी, अशी मागणी करणे योग्य ठरेल.

संशोधन थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. रोगांच्या साथी, भाषेचा अभ्यास, वाहतूक अशा अनेक कामांना माहिती लागतेच. पण अभ्यासकाला बंद दालनात, करारबद्ध करून, पाहऱ्याखाली नोंदी दाखवणे वेगळे आणि त्या चौकात मांडणे वेगळे. जी नोंद गरजेपेक्षा अधिक काळ ठेवलीच नाही, ती फुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कंपन्या आणि सरकारी खाती या दोघांनाही हा नियम सारखाच लागू व्हावा.

आणि आपल्यापुरते एवढे तरी करता येईल. ‘माहितीतून नावे काढलेली आहेत’ हे आश्वासन ऐकले, की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: नावे काढलीत, पण उरले काय?