संमति देतांना राखलेला अधिकार

नदींतून नौका निर्वेध चालाव्या हें सर्वांच्याच हिताचें. परंतु तेवढ्यासाठीं कांठच्या भूमीवरील राज्याचा अंमल नाहींसा व्हावा काय? अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यानें कनावा नदीवर बंधारे व नौकांच्या चढउतारासाठीं जलद्वारें बांधण्यास संघसरकारला जमीन घेऊं दिली. मात्र तीवरील आपलाहि अधिकार राखून ठेविला. पुढें काम करणाऱ्या ठेकेदारानें राज्याचा कर नाकारला, तेव्हां १९३७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राज्याची सशर्त संमति ग्राह्य मानून कर वैध ठरविला. हा न्याय आम्हांस उचित वाटतो. याउलट, नाबोथाचा नकार अहाब राजास सोसला नाहीं, आणि द्राक्षमळ्यापायीं त्या निरपराध्याचा जीव गेला. बलवानानें विचारावें, दुर्बलानें अटी घालून द्यावें, यांतच उभयतांची शोभा आहे. विद्यार्थिमित्रहो, होकार देतांना काय राखावयाचें, हेंहि शिका.