उपकारस्तुती : भरल्या ताटापुढची आणि रित्या घागरीपुढची

जेवावयास बसण्यापूर्वी डोळे मिटून देवाचे उपकार मानण्याची चाल आपल्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चाल उत्तम आहे. परंतु तिच्याविषयी आमची एक तक्रार आहे. ठरलेले चार शब्द मुखावाटे घाईघाईने निघतात, आणि मन मात्र केव्हाच कालवणाच्या वाटीत जाऊन बसलेले असते. मुलांचेच नव्हे, वडील माणसांचेही असेच होते.

कृपा म्हणजे आपल्या योग्यतेवाचून मिळालेले दान, हे आपण रविवारच्या शाळेत पाठ करितो आणि सोमवारी विसरतो. परीक्षेत यश आले की देवाने आमच्या कष्टांचे फळ दिले म्हणून त्याचे आभार मानतो. ही मजुरीची पावती झाली.

आमच्या लातूर-नांदेडच्या मुलखात तरी हे विसरणे शोभत नाही. सन १९९३ च्या ३० सप्टेंबर रोजी पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे निजली असता, किल्लारी व आसपासच्या गावांतील दगडमातीची जाड घरे त्यांच्यावर कोसळली. हजारो जीव गेले. कोणी बाहेर निजला म्हणून वाचला, कोणी आत निजला म्हणून गेला. आपण देवाचे लाडके म्हणून वाचलो, असे ज्यास वाटेल त्याने शिलोहाचा बुरूज आठवावा. त्याखाली सापडलेली अठरा माणसे इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे प्रभूने विचारले आणि नाही म्हणून स्वतःच सांगितले. वाचलेल्याने उपकार अवश्य मानावे. मात्र शेजारच्या ढिगाऱ्याकडे पाठ करून मानू नयेत.

पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. (मिरज हे नाव आपल्या मंडळ्यांस डॉक्टर वानलेस यांच्या इस्पितळामुळे जुने परिचयाचे आहे.) दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. हिशेब केला तर माणशी दीड लिटरही नव्हे. कृष्णेचे ते पाणी येथवर येण्यास किती हात लागले! राजस्थानातील कोट्याच्या कारखान्यात वाघिणी आतून धुतल्या गेल्या. मिरजेस त्या भरल्या गेल्या. कोणी रात्रभर जागून गाडी हाकली. देवाची कृपा आकाशातून एकाएकी पडत नाही. बहुधा ती घामेजलेल्या हातांतून येते. त्या हातांस वगळून केवळ वर पाहून मानलेले उपकार अर्धेच राहतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तेथील लंगरात जात-धर्म न विचारता येईल त्यास पंगतीत बसवून वाढतात. ज्यास मिळाले त्याने वाढावे, हा धडा शेजारीच आहे, व तो घेण्यात आपणांस कमीपणा नाही. बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी उपकार मानावयास परत आला तो एकच, आणि तोही परका शोमरोनी होता.

तेव्हा पालकवर्गास आमची विनंती अशी की, सायंकाळच्या प्रार्थनेत मुलाने त्या दिवशी मिळालेली एक वस्तू सांगावी, आणि ती कोणाच्या हातून आली त्या माणसाचे नाव घ्यावे. टँकर आणणारा, रस्ता झाडणारी, ज्वारी खुडणारी, यांची नावे मुलांस ठाऊक नसतील तर दुसऱ्या दिवशी विचारून यावे. वडिलांनीही आपली पाळी चुकवू नये; आणि घरी भांडी घासणाऱ्या बाईचे नाव घ्यावयाचे असेल, तर त्यापूर्वी तिचा पगार तिच्या हाती पडलेला असावा. मुले तेवढे बरोबर पाहतात.