लॅब स्लिपवर नुसते 'झिर्कोनिया' पुरे नाही

अलीकडे वाचकांच्या पत्रांतून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. खालच्या सेकंड मोलरवर बसवलेला झिर्कोनिया क्राउन वर्ष-दीड वर्षात फुटतो. लॅब म्हणते, दहा वर्षांची वॉरंटी आहे, नवा करून देतो. नवा क्राउन फुकट येतो खरा. पण फुटलेला कापून काढणे, पुन्हा स्कॅन, पुन्हा टेम्पररी आणि पेशंटचा उडालेला विश्वास हे सगळे डॉक्टरच्या वाट्याला येते. कोणती डिस्क वापरली होती, असे विचारले की उत्तर मिळते, 'प्रीमियम, हाय ट्रान्सलुसन्ट'.

हे उत्तर आपण ऐकून कसे घेतो? ३ मोल टक्के यिट्रियाच्या झिर्कोनियाची फ्लेक्शरल स्ट्रेंग्थ हजार मेगापास्कलच्या घरात असते. ५ मोल टक्क्यांना क्युबिक फेज वाढते, ट्रान्सलुसन्सी येते, पण तडा थोपवणारे ट्रान्सफॉर्मेशन टफनिंग जवळजवळ जाते आणि स्ट्रेंग्थ पाचशे ते सातशेवर उतरते. बिलावर दोन्हींचे नाव एकच. पुढच्या दातांना शोभणारी डिस्क रात्री दात खाणाऱ्या पेशंटच्या मोलरवर गेली, तर ती फुटणारच.

पीएफएमची गत याहून वाईट. कोपिंग निकेल-क्रोमियमचे की कोबाल्ट-क्रोमियमचे, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? आयएसओ २२६७४ नुसार मिश्रधातूत बेरिलियम ०.०२ टक्क्यांहून अधिक चालत नाही आणि निकेल ०.१ टक्क्याच्या वर गेले की तसे जाहीर करावे लागते. खोट्या दागिन्यांनी कानाला पुरळ येते असे सांगणाऱ्या बाईंच्या तोंडात आपण काय बसवले, हे आपल्यालाच ठाऊक नसावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये आले, एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. डिस्कच्या खोक्यावर उत्पादकाचे नाव आणि बॅच नंबर छापलेला असतो. खोके लॅबमध्ये उघडले की ही माहिती तिथेच राहते आणि आपल्या हाती पडते ते चकचकीत वॉरंटी कार्ड. आयातदाराकडून कागदावर कागद मागणाऱ्या अधिकाऱ्यांना या शेवटच्या टप्प्याची फिकीर नाही. एखाद्या लॅबमध्ये जाऊन कुणी बॅचची नोंदवही मागितल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. रुग्णाच्या तोंडापर्यंत न पोहोचणारे नियमन काय कामाचे?

आपल्यातलेही काही जण सुधारायला तयार नाहीत. जेमतेम अर्धा मिलिमीटर ऑक्लुजल रिडक्शन करून लिथियम डायसिलिकेट मागवायचे आणि क्राउन तडकला की लॅबशी भांडायचे, हे थांबले पाहिजे. बाँडिंग पक्के असले तरी त्याला निदान १ मिलिमीटर हवा, एरवी दीड. तेवढी जागा नसेल तर ३वाय मोनोलिथिक घ्या. दात आखूड असेल, दिसण्याचा प्रश्न नसेल आणि पेशंट राजी असेल, तर फुल मेटल आजही उत्तम पर्याय आहे. त्याला जुनाट ठरवण्याचे काही कारण नाही. ट्राय-इननंतर लाळ लागलेला झिर्कोनिया फॉस्फोरिक ॲसिडने साफ करणारेही अजून आहेत. त्यातले फॉस्फेट पृष्ठभागाला चिकटून बसते, मग एमडीपी प्रायमर धरणार कशाला? अल्युमिनाने सँडब्लास्ट करा किंवा झिर्कोनियासाठीचा क्लीनर वापरा.

डॉक्टरांनो, उद्याच्या केसपासून स्लिपवर यिट्रियाचे प्रमाण किंवा मिश्रधातूचे नाव, प्रत्यक्ष मिळालेली जागा आणि समोरचा दात कशाचा आहे, एवढे लिहा. क्राउनसोबत डिस्कचे नाव व बॅच नंबर लेखी मागा, केस पेपरला जोडा आणि त्याची एक प्रत पेशंटला द्या. जी लॅब हे द्यायला नकार देते, तिची वॉरंटी पंचवीस वर्षांची असली तरी तिच्याकडे काम पाठवू नका.