‘बाहेरची’ कोण?

नागपुरात जन्मलेल्या स्वाती दांडेकर १९७३ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात राहावयास गेल्या. १९९६ मध्ये त्या तेथील स्थानिक शाळा मंडळावर आणि २००२ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. पुढे राज्याच्या सिनेटमध्येही बसल्या. २००२ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी उमेदवाराने सवाल केला होता की, भारतात वाढलेल्या बाईला येथील लोकांची मूल्ये कशी कळणार? मतदारांनी त्याचे उत्तर मतपेटीतून दिले. या यशाचा मराठी माणसाला अभिमान वाटला, तो योग्यच होय.

परंतु हाच सवाल १९९९ साली आपल्या देशात सोनिया गांधींच्या इटलीतील जन्मावरून विचारला गेला, तेव्हा त्यात महाराष्ट्राचे नेते शरद पवार आघाडीवर होते. त्या मुद्द्यावर वेगळा पक्ष निघाला आणि त्याच वर्षी तो पक्ष मुंबईत काँग्रेससह सत्तेतही बसला. आयोवात जो सवाल अपमानास्पद, तोच दिल्लीत देशभक्तीचा, हा कोणता न्याय? सोनिया गांधींच्या धोरणांना आणि घराणेशाहीला विरोध करावयास समाजवाद्यांजवळ कारणे होती. जन्मस्थान हे त्यांपैकी एक नव्हे. नागरिकत्व मिळाल्यावर माणसाचा हिशेब त्याच्या कामावरून व्हावा, जन्मदाखल्यावरून नव्हे.

वस्तुतः परभणी जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. जिंतूर, सेलू वा पालम तालुक्यातील बहुतेक महिला सरपंच लग्न होऊन त्या गावी आलेल्या असतात. त्यांची जन्मभूमी दुसरीच. तरीही गाव त्यांना आपल्या मानते. १९९३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. त्या खुर्चीचा कारभार नवऱ्याने चालवू नये, हा लढा मात्र अजून संपलेला नाही.

त्याहून कठीण स्थिती ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रीची आहे. कारखान्याच्या मुलखात ती परकी, आणि २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ती गावात नसते. दांडेकरबाई पदवीधर होत्या, एका ठिकाणी स्थिर होत्या. कोयत्यावरच्या बाईला स्थैर्यच नाही. म्हणून एकीच्या यशाने सर्व स्त्रियांची वाट मोकळी झाली, असे समजण्याचे कारण नाही.

दांडेकरबाईंची पहिली पायरी मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे: शाळेचा कारभार. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक केले आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावची समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे पाहावे. टोळ्या निघण्यापूर्वी ग्रामसभा घेऊन ऊसतोड स्त्रियांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, असा आग्रह ग्रामपंचायतीकडे धरावा. परदेशातील मराठी स्त्रीचा गौरव करणे सोपे आहे. आपल्या गावातील ‘बाहेरची’ला अधिकाराच्या जागेवर बसविणे हेच आपले काम आहे.