विश्लेषण : पोट दिसत नाही, पण चक्कर येते! गरोदरपणाचे पहिले तीन महिने लपवणे महागात का पडते?

सकाळची गर्दीची लोकल. सातवा आठवडा सुरू असलेली नोकरदार तरुणी महिला डब्यात कडी धरून उभी आहे. डोळ्यांसमोर अंधारी येते, कानात गुणगुण सुरू होते, घाम फुटतो. बसलेल्यांपैकी कुणी उठत नाही, कारण पोट दिसत नाही. ती स्वतःहून सांगत नाही, कारण घरून ताकीद आहे : तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला कळता कामा नये. असा प्रसंग मुंबईत अनेकींच्या वाट्याला येतो. गरोदरपणात सर्वाधिक त्रासाचा आणि सर्वाधिक मौनाचा काळ एकच का, आणि हे मौन आता का सोडायला हवे, याचे हे विश्लेषण.

चक्कर नेमकी का येते?

गर्भ राहिल्यावर प्रोजेस्टेरॉनसह काही संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. वाहिन्या रुंद झाल्या, पण त्या भरून काढण्याइतके रक्त अजून तयार झालेले नसते. त्यामुळे रक्तदाब उतरतो. शरीर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढवू लागते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत हा मेळ बसलेला नसतो. अशा वेळी झटकन उठले किंवा बराच वेळ एका जागी उभे राहिले, की रक्त पायांकडे साचते, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि चक्कर येते.

यात रिकामे पोट, उलट्यांमुळे कमी झालेले पाणी, उकाडा आणि कोंदट हवा यांची भर पडते. आपल्याकडे आणखी एक कारण आहे : रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एकीचे हिमोग्लोबिन आधीच कमी. तिची चक्कर ‘या दिवसांत व्हायचेच’ म्हणून सोडून देता येत नाही. तपासणी हवीच.

मळमळ आणि थकवा ‘मनाचे खेळ’ आहेत का?

नाहीत. दहापैकी सात ते आठ गर्भवतींना कमी-अधिक मळमळ होते. ती साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि बहुतेकींमध्ये १६ ते २० आठवड्यांपर्यंत ओसरते. इंग्रजीत तिला ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणत असले, तरी ती दिवसभरात केव्हाही होते.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यामागील महत्त्वाचा दुवा दाखवला. गर्भ आणि वारेतून ‘जीडीएफ-१५’ हे संप्रेरक आईच्या रक्तात येते. गर्भधारणेपूर्वी जिच्या शरीराला त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त. त्यामुळे ‘आमच्या वेळी नव्हते बाई असले काही’ या वाक्याला वैद्यकीय आधार नाही. सासूला झाले नाही म्हणून सुनेला होणार नाही, असे शरीर चालत नाही.

काय केल्याने बरे वाटते?

सकाळी डोळे उघडताच उठू नये. आधी कुशीवर वळावे, मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे, मग उभे राहावे. उशाशी कुरमुरे, लाह्या, खाकरा किंवा टोस्ट ठेवून उठण्यापूर्वी दोन घास खावेत. दिवसभरात दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. पाणी एकदम ग्लासभर न पिता घोट घोट प्यावे. लिंबू सरबत, ताक, नारळपाणीही चालते. आल्याने काहींना आराम पडतो. खूप गरम पाण्याची अंघोळ टाळावी.

या काळात निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास धरू नये. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र पुढच्या वर्षीही येणार आहेत.

उभे राहणे टळत नसेल, तर पायांची हालचाल करत राहावे. चक्कर येते आहे असे वाटताच लाज न बाळगता तिथेच खाली बसावे, डोके गुडघ्यांकडे झुकवावे किंवा कुशीवर आडवे व्हावे. बहुतेक वेळा इजा चक्करेपेक्षा पडण्याने होते. स्कूटर चालवताना डोके हलके वाटले, तर गाडी लगेच बाजूला घ्यावी.

उलट्या आटोक्यात येत नसतील, तर निमूट सोसण्याची गरज नाही. ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांसारखी औषधे डॉक्टर अनेक वर्षांपासून देत आले आहेत. मात्र मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मळमळीमुळे परस्पर बंद करू नये; वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

धोक्याची लक्षणे कोणती?

चक्करेसोबत ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा रक्तस्राव असेल, तर थांबू नये. गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत रुजल्याची ती खूण असू शकते आणि त्यात आईच्या जिवाला धोका असतो. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, २४ तास पाणीही पोटात न टिकणे, लघवी फार कमी किंवा गडद होणे, वजन झपाट्याने उतरणे, ताप येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

येथेच मौनाचा प्रश्न येतो. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला काही माहीतच नसेल, तर बेशुद्ध पडलेल्या तरुणीबद्दल डॉक्टरांना सांगणार कोण?

मग तीन महिने लपवतात कशासाठी?

‘दृष्ट लागते’ हे एक कारण सांगितले जाते. दुसरे अधिक खरे आहे. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भपातात संपतात आणि त्यातील बहुतांश पहिल्या १२ आठवड्यांत. आधी सांगितले आणि नंतर काही झाले, तर सगळ्यांना तोंड द्यावे लागेल, ही भीती समजण्यासारखी आहे. पण सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांतील दोष आढळतो. कुणाला सांगितल्याने गर्भ पडत नाही. न सांगितल्याने मात्र तिचा त्रासही एकटीचा राहतो आणि काही बिनसलेच, तर दुःखही एकटीचे.

या मौनाची सवय व्यवस्थेलाही लागली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातृत्व रजा १२ वरून २६ आठवडे झाली, पण त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडेच प्रसूतीपूर्वी घेता येतात. फार वेळ उभे राहावे लागणारे काम नाकारण्याची १९६१ च्या कायद्यातील मुभाही शेवटच्या महिन्यांसाठी होती. गर्भधारणेमुळे आजारी पडल्यास पुराव्यासह महिनाभराच्या जादा पगारी रजेची तरतूद आहे, पण गरोदरपण लपवले तर ती मागणार कशी? ऊसतोड मजूर बाईला तर तेही नाही. तिचा एक खाडा पडला की पैसे कापले जातात.

पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण याच सर्वेक्षणात ७० टक्के होते. म्हणजे दहापैकी तिघी सर्वात नाजूक काळात डॉक्टरांपर्यंत पोहोचल्याच नाहीत. याला केवळ मौन जबाबदार नाही. अंतर, पैसा आणि घरची परवानगी यांचाही वाटा असतो. पण बातमी घराबाहेर जाऊ न देण्याचा आग्रह या यादीतून वगळता येणार नाही.

पर्याय काय आहे?

लंडनच्या परिवहन यंत्रणेने २००५ मध्ये गर्भवती प्रवाशांसाठी ‘बेबी ऑन बोर्ड’ बिल्ला आणला. जपानने २००६ मध्ये देशभर ‘मॅटर्निटी मार्क’ सुरू केला. पोट दिसत नसलेल्या महिन्यांत काही न बोलता जागा मिळावी, हा त्यामागचा विचार. मुंबईच्या लोकलसाठी, पुण्याच्या पीएमपीसाठी असा बिल्ला नोंदणीच्या वेळीच देणे फार खर्चाचे काम नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यातून गर्भवतींना प्रवासाची मुभा आहे. त्यासाठी डॉक्टरांचा कागद जवळ ठेवावा.

कुणाला सांगायचे, हा निर्णय तिचाच. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकण्याची गरज नाही. पण घराबाहेरच्या निदान तिघांना ती कळायला हवी : डॉक्टर किंवा आशाताई, कामाच्या ठिकाणची एक विश्वासू व्यक्ती आणि रोजच्या प्रवासातली एक मैत्रीण.

आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते, तोवर अनेकींचे डोहाळे सरलेले असतात. ओटी तेव्हा भरावी, वाडीही भरावी. पण खुर्ची, पाणी आणि सुट्टी दुसऱ्या महिन्यातच द्यायला हवी.