छाटलेल्या दशांशांचा हिशेब

साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर एकाला तीनने भागावे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तीनने गुणावे. पडद्यावर १ नव्हे, ०.९९९९९९९ उमटते. यंत्र बिघडलेले नसते. एक तृतीयांश दशांशात लिहू गेल्यास अंक संपतच नाहीत आणि यंत्राकडे घरे आठच. सायंटिफिक कॅल्क्युलेटर पडद्याआड काही जादा अंक राखतात, म्हणून तिथे १ दिसतो. चूक तिथेही होते. झाकली जाते इतकेच.

संगणकाचे दुखणे निराळे. त्याच्या द्विमान पद्धतीत अर्धा, पाव, अष्टमांश नेमके बसतात. एक दशांश मात्र कितीही अंक दिले तरी पुरा होत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अनेक संगणकभाषांत ०.३०००००००००००००००४ येते. विल्यम कहान यांचा मोठा वाटा असलेल्या १९८५च्या आयईईई ७५४ मानकाने ही चूक नाहीशी केली नाही, तसे करणे शक्यही नव्हते. ती कोणत्या नियमाने व्हावी, हे त्याने ठरवून दिले.

नियमाला एवढे महत्त्व का, हे कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजारात दिसले. जानेवारी १९८२ मध्ये तिथला नवा निर्देशांक १०००वर सुरू झाला. दिवसाकाठी सुमारे तीन हजार वेळा तो नव्याने मोजला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांशापुढचे अंक छाटले जात. जवळच्या अंकाकडे नेले असते तर कधी थोडे वाढले असते, कधी घटले असते. छाटणी मात्र नेहमी घटच करते. बाजार ठीक चाललेला असताना निर्देशांक नोव्हेंबर १९८३ पर्यंत ५२४च्या घरात घसरला. हिशेब दुरुस्त करताच तो १०९८.८९२ निघाला. निम्म्याहून अधिक मूल्य गिळले ते हजारांशाहून लहान तुकड्यांनी, तेही जवळपास दोन वर्षांत!

आपल्याकडे जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये पन्नास पैसे व त्यावरील रक्कम पुढच्या रुपयात धरावी, त्याखालची सोडावी, असे स्पष्ट लिहिले आहे. नियम बरा की वाईट यावर वाद घालता येईल, पण तो सर्वांना वाचता येतो. कर्जाचे व्याज आकारणाऱ्या प्रत्येक ॲपनेही पूर्णांकन रोज होते की महिनाअखेरीस, आणि कोणत्या बाजूला, हे करारात छापावे.