उधारीची वही आणि चळवळीचे कर्तव्य

शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या २१.८ किलोमीटर लांबीच्या सागरी सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. सेतूची महती गाणारी भाषणे त्या वेळी पुष्कळ झाली. मात्र त्याच शिवडीत, बीडीडी चाळींच्या आसपास आणि गल्लीबोळांत, हातभर गाळ्यांतून चालणाऱ्या किराणा दुकानांचे काय होणार, हा प्रश्न कोणास सुचला नाही. एका बाजूस मॉलची दालने आणि दुसऱ्या बाजूस काही मिनिटांत घरपोच माल देऊ म्हणणाऱ्या कंपन्या अशा कात्रीत हा छोटा दुकानदार सापडला आहे. त्याच्याविषयी चळवळीची भूमिका कोणती, हे स्पष्ट होणे अगत्याचे आहे.

ही भूमिका आजवर संदिग्ध राहिली, ह्याला कारणे आहेत. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९७२ पासून महागाईविरुद्ध जे लाटणे मोर्चे निघाले, त्यांचा रोख साठेबाजी आणि काळाबाजार ह्यांवर होता. तो रास्तच होता. परंतु त्या रोषात घाऊक साठेबाज आणि कोपऱ्यावरचा किरकोळ विक्रेता ह्यांतील भेद अनेकदा पुसला गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार बंद झाले. त्या दिवसांत गिरणगावातील कित्येक घरांची चूल वाण्याच्या उधारीवर पेटत राहिली. काहींनी पुढे हात आखडता घेतला हे खरे. पण ज्यांनी घेतला नाही, त्यांच्यापैकी अनेकांचे भांडवलच त्या वहीत अडकून पडले.

ह्या इतिहासातून केवळ कृतज्ञता घेऊन भागणार नाही, हिशेबही घ्यावयास हवा. शंभर रुपयांच्या विक्रीत आठ रुपये सुटतात असे धरले, तर हजार रुपयांची उधारी बुडाल्यास मालाचे ९२० रुपये जातात. ते भरून काढण्यासाठी आणखी साडेअकरा हजारांची विक्री करावी लागते, आणि तेवढी विक्री होईतो दुकानदाराच्या पदरी नफ्याचा एक पैसा पडत नाही. म्हणून उधारी बंद करा, असे सांगणे सोपे आहे. पण रोजंदारीवर जगणाऱ्या वस्तीत उधारी बंद करणे म्हणजे गिऱ्हाईकालाच दार बंद करणे होय. उधारी असावी, पण तिला मर्यादा असावी. प्रत्येक घराची रक्कम आणि फेडीचा दिवस आधी ठरावा. नोंद दुकानाच्या वहीत आणि गिऱ्हाइकाच्या पुस्तिकेत एकाच वेळी व्हावी. जुनी बाकी फिटल्यावाचून नवी वाढू नये. अशा दुहेरी नोंदीने दुकानदाराचा पैसा वाचतो आणि गिऱ्हाइकाचे वाढीव आकड्यापासून रक्षण होते.

दुसरा रोग गल्ल्याचा. गल्ल्यातील पैसा आपलाच, ह्या समजुतीने घरखर्च, मुलांची फी, गावचा प्रवास सारे त्यातूनच भागते आणि महिन्याअखेर घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकते. दुकानदाराने स्वतःस ठरावीक मासिक वेतन लावून घ्यावे आणि त्यापलीकडे गल्ल्यास हात लावू नये. तिसरी गोष्ट मालाची. जो माल महिनाभर फळीवर पडून राहतो, तो भांडवल खातो. मग त्यावर कंपनीने कितीही सूट दिलेली असो. आणि चौथी गोष्ट सुट्या धान्याची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. पावशेर डाळ, दहा रुपयांचे तेल मागणाऱ्या कष्टकऱ्याला मॉल उभा करीत नाही. तो गिऱ्हाईक ह्या दुकानाचा खरा आधार आहे. पण तो टिकवावयाचा तर काटा चोख हवा आणि भाव फळ्यावर लिहिलेला हवा. मापात पाप करणाऱ्याची बाजू चळवळ घेऊ शकत नाही.

तथापि एकट्या दुकानदाराच्या शिस्तीला मर्यादा आहेत. मोठी कंपनी हजारो पोती एकदम उचलते, हा दोन पोती घेतो. भावातील तफावत तेथूनच सुरू होते. ह्यावरील उपाय नवा नाही. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी, ज्यांत विणकर होते, स्वतःचे सहकारी दुकान काढून शुद्ध माल व रोखीचा व्यवहार हे दंडक घातले. शिवडीपासून हाकेच्या अंतरावरील नायगावात १९४८ साली कामगारांच्या सहकारातून ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने घराघरांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदीची रीत रुजविली. जे ग्राहकांना जमले, ते एका विभागातील वीस दुकानदारांना का जमू नये? तांदूळ, डाळ, साखर, तेल ह्या चार जिनसांपुरती जरी वाशीच्या बाजारातील खरेदी एकत्र केली आणि टेम्पोचे भाडे वाटून घेतले, तरी भावाला पुष्कळ आळा बसेल.

येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. दुकानदारांची बैठक बोलाविणे, हिशेबाची पद्धत समजावणे आणि संयुक्त खरेदीचा व्यवहार सर्वांसमोर मांडावयास लावणे ही कामे सभेतील ठरावांइतकी झगमगीत नाहीत. पण दुकानात मदतनीस म्हणून राबणाऱ्या मुलाच्या पगाराचा आणि साप्ताहिक सुट्टीचा प्रश्नही त्याच बैठकीत निघाला पाहिजे. दुकानदार आज अडचणीत आहे, म्हणून नोकराची पिळवणूक क्षम्य ठरत नाही. त्याचबरोबर तोटा सोसून भाव पाडणाऱ्या बड्या भांडवलावर सरकारने अंकुश ठेवावा, ही मागणीही सोडता कामा नये.

एक दुकान बंद पडते तेव्हा केवळ एक गाळा रिकामा होत नाही. अडल्यानडल्या दिवशी ओळखीवर किलोभर पीठ देणारी एक जागा वस्तीतून नाहीशी होते. कंपनीच्या यंत्राला गिऱ्हाइकाचा पत्ता ठाऊक असतो, अडचण ठाऊक नसते. पुढचा संप, पुढची टाळेबंदी येईल त्या दिवशी शिवडीच्या कामगाराला उधारीची वही उघडी मिळावी असे वाटत असेल, तर त्या वहीचा हिशेब आजच नीट लावण्यास हातभार लावला पाहिजे.